प्रांगणातील वादक

तरुणांच्या वाद्यवृंदाची योग्यता त्यातून किती जण नावारूपास आले एवढ्यावरूनच ठरवावी काय? लिव्हरपूलच्या 'क्वारीमेन'चा वृत्तांत वाचल्यापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे.

१९५६ साली जॉन लेनन या शाळकरी मुलाने सोबती जमवून हे मंडळ उभारले. गिटार, बँजो, ड्रम यांच्या जोडीला कपडे धुण्याची फळीही त्यांना वाद्य म्हणून चाले. ६ जुलै १९५७ रोजी वुल्टन येथील सेंट पीटर्स चर्चच्या मेळ्यात ही मुले वाजविण्यास गेली. त्याच दिवशी लेननची पॉल मॅकार्टनीशी गाठ पडली. पुढे जॉर्ज हॅरिसन येऊन मिळाला, आणि या मंडळातूनच 'बीटल्स' जगापुढे आले.

हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मागे राहिलेल्यांचे काय झाले? ड्रम वाजविणारा कॉलिन हॅन्टन खुर्च्या-कोच मढविण्याच्या धंद्यात रमला. इतरही आपापल्या उद्योगास लागले. तथापि १९९७ साली, चाळीस वर्षांनंतर, मूळचे पाच सोबती पुन्हा एकत्र आले आणि पुढे देशोदेशी वाजवीत हिंडले. कीर्ती थोड्यांस लाभली. सुरांची ओढ मात्र साऱ्यांचीच टिकली.

आमच्या देवस्थानचे सभागृह गिटार शिकणाऱ्या मुलांनी सरावासाठी मागितले, तेव्हा "यातून पुढे काय निष्पन्न होणार?" असे एका महाजनांनी विचारले. सप्ताहात रात्रभर पखवाज वाजविणाऱ्यास आपण हा प्रश्न कधी विचारला आहे काय? पूजा-आरतीची वेळ सांभाळून मुलांना जागा द्यावी, असे आम्ही समितीस लिहून कळविले आहे.