डिस्कवरचं मॉड्यूल आणि मेमरीतलं मॉड्यूल

आमच्या बॅकअप सर्व्हरवर उबुंटू २४.०४ आहे. रूट ईएक्सटी४वर, बॅकअपच्या डिस्क बीटीआरएफएसवर. भरपूर जागा शिल्लक असतानाही 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणत बॅकअप मध्येच अडायचा. पुढच्या कर्नलमधली, मेटाडेटासाठी जागा राखण्यासंबंधीची एक दुरुस्ती आमच्या लक्षणांशी जुळत होती. अख्खा कर्नल बदलायला परवानगी नव्हती. म्हणून तेवढाच पॅच आमच्या चालू ६.८ कर्नलच्या सोर्सला लावून फक्त बीटीआरएफएसचं मॉड्यूल कंपाइल करायचं ठरलं.

एका सहकाऱ्याने ते कर्नलच्या मूळ सोर्सवरून आधीच बनवलं होतं. लोड करताना उत्तर आलं, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. डीमेसेजमध्ये कारण होतं: मॉड्यूलचं व्हरमॅजिक चालू कर्नलशी जुळत नव्हतं. मॉडप्रोबला फोर्सचा पर्याय देऊन ही तपासणी टाळता येते, आणि तसं सुचवलंही गेलं. मी ठाम नाही म्हटलं. दोन आवृत्त्यांत एखाद्या स्ट्रक्चरची मांडणी वेगळी असली, तर मॉड्यूल भलत्याच जागी लिहितं. फाइलसिस्टमच्या बाबतीत तो कचरा थेट डिस्कवर जाऊ शकतो.

उबुंटूचा सोर्स आणि चालू कर्नलचेच हेडर वापरल्यावर मॉड्यूल विनातक्रार लोड झालं. माउंट करताना लॉगमध्ये एक खुणेची ओळ उमटावी, अशी सोय मी कोडमध्ये केली होती. डिस्क अनमाउंट केल्या, जुनं मॉड्यूल काढलं, नवं घातलं. ओळ दिसली, बॅकअपही पूर्ण झाला.

रीबूट केलं आणि ओळ गायब! मॉडइन्फो मात्र 'अपडेट्स' फोल्डरातली आमचीच फाइल दाखवत होतं. पण मॉडइन्फो वाचतं ती डिस्कवरची फाइल. मेमरीत काय चाललंय ते सिसएफएसमध्ये बघावं लागतं. तिथे मॉड्यूलच्या नावाच्या फोल्डरात 'सोर्सव्हर्जन' असतं, म्हणजे सोर्स फाइलींवरून काढलेला हॅश. दोन्हीकडचे हॅश शेजारी ठेवले. पहिल्या अक्षरापासूनच वेगळे.

जुनी प्रत इनिटरॅमएफएसमध्ये होती. रूट ईएक्सटी४वर असताना बीटीआरएफएस तिथे कशाला, हा प्रश्न मलाही पडला. पण बीटीआरएफएस अनेक डिस्कवर पसरलेली असू शकते. त्या डिस्क बूटच्या सुरुवातीलाच सापडाव्यात, म्हणून बीटीआरएफएसच्या टूल्ससोबत येणारी स्क्रिप्ट तिथेच मॉड्यूल लोड करून स्कॅन करते. एकदा मॉड्यूल लोड झालं की 'अपडेट्स' फोल्डराकडे कोणी फिरकतच नाही. अपडेट-इनिटरॅमएफएस चालवून पुन्हा रीबूट केलं. हॅश जुळले, ओळ आली.

पॅच लावलेलं मॉड्यूल त्या एकाच कर्नलपुरतं असतं. नवा कर्नल आला की त्याच्यासाठी मॉड्यूल पुन्हा कंपाइल करा, इनिटरॅमएफएस नव्याने बनवा आणि दोन्ही हॅश जुळल्याशिवाय त्या डिस्कवर बॅकअप सुरू करू नका.