स्कॉर्निचेश्तचे क्रीडांगण

रुमानियाच्या ओल्त जिल्ह्यात स्कॉर्निचेश्त हे लहानसे गाव आहे. हुकूमशहा चाउशेस्कू यांचा जन्म 1918 साली येथेच झाला. गावाच्या मानाने येथील क्रीडांगण केवढे अवाढव्य! सारे गावकरी येऊन बसले तरी आसने उरतील. त्याचे नाव 'विइतोरुल', म्हणजे भविष्यकाळ.

येथील 'एफ. सी. ओल्त' हा फुटबॉल संघ 1978 साली तिसऱ्या श्रेणीत होता. बढती गोलांच्या फरकावर ठरायची होती. अखेरच्या सामन्यात त्याने स्लातिनाच्या संघाला 18-0 असे हरविले! आमच्या शाळेत असा निकाल लागता, तर आम्ही प्रथम पंचांनाच बोलावून घेतले असते. पुढच्याच वर्षी संघ प्रथम श्रेणीत पोचला.

तथापि सारेच श्रेय राजकृपेस देणे आम्हांस पटत नाही. 1981-82 च्या मोसमात संघ चौथा आला, तेव्हा विक्टर पित्सुर्का त्यात होता. 1986 साली युरोपीय चषक जिंकणाऱ्या स्टेआउआ संघातही तो खेळला. पुढे चेल्सीत नाव काढणारा दान पेत्रेस्कूही काही काळ येथे होता.

डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळली. 1990 साली, मोसम अर्ध्यावर असतानाच, संघाला प्रथम श्रेणीतून काढून टाकण्यात आले. खेळाडूंची कैफियत कोण ऐकणार? त्यानंतर गावचा फुटबॉल खालच्या श्रेणींतच राहिला, त्याच विस्तीर्ण क्रीडांगणावर.