चित्रपटाची प्ररोचना

आपले नाटक पाहण्यास या, असे प्रेक्षकांस आर्जवाने सांगण्याची गरज कालिदासासही भासली होती. ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभी सूत्रधार नव्या नाटकाचे नाव उच्चारतो, तोच त्याचा सोबती पारिपार्श्वक शंका काढतो की, भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे नामांकित नाटककार असताना ह्या हयात कवीच्या कृतीस एवढा मान कशासाठी? सूत्रधार त्याचे समाधान करतो आणि ते करता करता सभेचे मनही नव्या नाटकाकडे वळवून घेतो. श्रोत्यांस उत्सुक करण्याच्या ह्या युक्तीस नाट्यशास्त्राने ‘प्ररोचना’ असे गोड नाव दिले आहे. इंग्रजीतून आलेला ‘ट्रेलर’ हा शब्द आपल्या पोराबाळांच्याही तोंडी बसला आहे खरा. परंतु ती वस्तू काय आहे हे मला तरी ‘प्ररोचना’ ह्या शब्दाने अधिक नेमके कळते.

कालिदासाच्या नाटकाची आवृत्ती काढताना त्यातील प्रस्तावना ही जाहिरात आहे, सबब ती गाळावी, असे आजवर कोणा संपादकाच्या मनात आलेले नाही. चित्रपटाच्या प्ररोचनेच्या वाट्यास मात्र असे भाग्य आलेले नाही. १९९७ साली अमेरिकेच्या बाजारात डीव्हीडी आली आणि चित्रपट हा पुस्तकासारखा कपाटात ठेवण्याचा जिन्नस झाला. ह्या तबकडीवर जागा मुबलक असल्यामुळे मूळ चित्रपटासोबत पुरवणी देण्याची चाल पडली. दिग्दर्शकाचे भाष्य, गाळलेली दृश्ये, नटनटींच्या मुलाखती, आणि यादीच्या अगदी तळाशी, काहीतरी द्यावयाचे म्हणून दिल्यासारखा, ट्रेलर! कित्येक प्रकाशकांनी तेवढाही दिला नाही. रसिकांतही त्याची किंमत फारशी कोणी करीत नाही. चित्रपट घरात आल्यावर त्याची जाहिरात कशास पाहावयाची? लग्न होऊन गेल्यावर निमंत्रणपत्रिका वाचण्यासारखेच ते, असे माझे एक स्नेही म्हणतात. त्यांची उपमा मला मान्य आहे. परंतु ज्याने जुन्या पेटीतून आपल्या आजोबांच्या लग्नाची पत्रिका काढून वाचली असेल, त्यास ती फुकट गेली असे कधी वाटले नसेल.

पहिली गोष्ट अशी की, चित्रपट स्वतःविषयी जे सांगत नाही ते त्याची प्ररोचना सांगून जाते. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ हा १९४७ सालचा अमेरिकन बोलपट घ्या. आपण खरोखरीच सांताक्लॉज आहोत असे म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याची ही कथा नाताळच्या दिवसांत घडते आणि अमेरिकेत आज ती नाताळातच आवडीने पाहिली जाते. परंतु चित्रपट प्रदर्शित झाला तो ऐन उन्हाळ्यात. तेव्हा त्याच्या ट्रेलरमध्ये एक चित्रपटनिर्माता स्टुडिओच्या आवारात हिंडतो, भेटेल त्या नटनटीस ह्या चित्रपटाविषयी विचारतो. कोणी त्यास प्रेमकथा म्हणते, कोणी विनोदी म्हणते, कोणी थरारक म्हणते. सांताक्लॉज आणि नाताळ यांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही! उन्हाळ्यात नाताळची गोष्ट कोण पाहावयास येईल, ही विकणाऱ्यांच्या मनातील धास्ती त्या काही मिनिटांत जशीच्या तशी उतरली आहे. चित्रपट पाहून आपणांस फक्त त्याचे यश कळते. त्या यशाची खात्री त्याच्या कर्त्यांसच नव्हती, हे कळण्यास ट्रेलर लागतो.

दुसरी गोष्ट प्रतिभावंतांची. कसबी कारागीर जाहिरात करावयास बसला म्हणजे जाहिरातीचीही कृती बनते. १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’साठी ऑर्सन वेल्स याने जो ट्रेलर केला, त्यात चित्रपटातील एकही दृश्य नाही. वेल्स स्वतःही दिसत नाही. नेपथ्यातून त्याचा भरदार आवाज तेवढा येतो, आणि तो आवाज आपल्या नाटकमंडळीतील एकेका नटाची ओळख करून देतो. पंचविशीतला हा तरुण मुख्य भूमिका स्वतः करीत असता स्वतःसच तेवढे लपवितो आणि त्यामुळेच आपली उत्कंठा वाढवितो. १९६० साली ‘सायको’साठी आल्फ्रेड हिचकॉकने नेमके ह्याच्या उलट केले. सहा मिनिटांहून अधिक काळ तो एखाद्या मिठ्ठास वाटाड्याप्रमाणे आपणांस त्या मोटेलमधून आणि लगतच्या घरातून हिंडवितो, येथे फार वाईट घडले असे सुचवितो, वाक्य अर्ध्यावर सोडतो, आणि शेवटी न्हाणीघरातील पडदा ओढताच एक स्त्री किंचाळते. मौज अशी की, ती किंचाळणारी चित्रपटात त्या जागी असलेली जॅनेट ली नव्हे, तर व्हेरा माइल्स आहे! हे दोन सूत्रधार ज्याने पाहिले नाहीत त्याने ते दोन चित्रपट पाहिले असले, तरी त्या दोन कलावंतांचा स्वभाव पुरता पाहिला असे मी म्हणणार नाही.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट तिसरी. फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १९२५ साली प्रसिद्ध झाली आणि लगोलग १९२६ साली हर्बर्ट ब्रेनन याने तिचा मूकपट केला. वॉर्नर बॅक्स्टर हा त्यात गॅट्सबी होता. आज हा मूकपट नष्ट झालेला आहे. शिल्लक राहिला आहे तो त्याचा सुमारे एक मिनिटाचा ट्रेलर. अमेरिकेतील राष्ट्रीय चित्रपट जतन प्रतिष्ठानाने २००४ साली जुन्या दुर्मिळ चित्रपटांचा एक डीव्हीडी संच काढला, त्यात तो समाविष्ट आहे. कादंबरी शिकविताना मी हे एक मिनिट वर्गात दाखवितो. मेजवानीची झगमग, घाईघाईने सरकणारे काही चेहरे, अक्षरांच्या पाट्या, आणि खेळ खलास. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, उरलेला चित्रपट कुठे मिळेल?” मी म्हणालो, “उरलेला तो हाच.” मराठीतला हा एकच शब्द ‘बाकीचा’ आणि ‘वाचलेला’ असे दोन्ही अर्थ सांगतो, आणि त्या क्षणी दोन्ही अर्थ वर्गास एकदम कळले असावेत, कारण पुढे थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. एर्न्स्ट लुबिचच्या ‘द पेट्रिअट’ ह्या १९२८ सालच्या चित्रपटाची कथाही अशीच. पटकथेसाठी त्यास अकादमीचे पारितोषिक लाभले. आज त्याचा ट्रेलर आणि काही तुकडे एवढेच हाती आहेत.

येथे पुन्हा कालिदासाची प्रस्तावना आठवते. तिच्यात ज्या तिघा ज्येष्ठांची नावे आली आहेत, त्यांपैकी भासाची म्हणून मानली जाणारी नाटके त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून छापून काढली. सौमिल्ल आणि कविपुत्र यांची नाटके काही मिळाली नाहीत. त्यांची कीर्ती आपणांस ठाऊक आहे ती मुख्यतः एका तरुण प्रतिस्पर्ध्याच्या प्ररोचनेमुळे. जी ओळ त्या दिवसापुरती लिहिली गेली, ती शतकानुशतके टिकली. ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे आणि जाहिराती पाहून समाधान मानावे लागते. त्याचे असे एक हलते, बोलते मिनिट कोणा पुढ्यात आणून ठेवील, तर त्यास ही जाहिरात आहे म्हणून नाक मुरडणारा मनुष्य महाराष्ट्रात सापडेल काय?

ह्यावर माझा मुलगा म्हणतो, “बाबा, आता सगळे ट्रेलर इंटरनेटवर आहेत. तबकडी कशाला हवी?” त्याचे म्हणणे निराधार नाही. नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या धाडण्याचा आपला व्यवसाय २०२३ साली बंद केला, तेव्हा काळाचा ओघ कोणीकडे आहे हे मलाही दिसते. परंतु इंटरनेटवरचा ट्रेलर हे सुटे पान आहे. ते कोणी ठेवले, कोणत्या प्रतीवरून घेतले, जुने आहे की हल्ली कोणी नव्याने जुळविले, हे पुष्कळदा समजत नाही. आणि आज आहे ते उद्या असेलच असेही नाही. पुस्तकात बांधलेले पान पुस्तकाबरोबर टिकते. तबकडीवर चित्रपट आणि त्याची प्ररोचना शेजारी शेजारी असली, म्हणजे जो चित्रपट जपतो तो नकळत प्ररोचनाही जपतो. चित्रपटाच्या दोन तासांपुढे ह्या दोन-तीन मिनिटांचे ओझे ते काय?

आता ती पाहावयाची केव्हा, एवढेच राहिले. मूळ शब्दार्थाने ‘ट्रेलर’ म्हणजे मागाहून येणारा. प्रारंभी हे तुकडे मुख्य खेळ संपल्यावरच दाखवीत. प्रेक्षक उठून जाऊ लागले म्हणून ते पुढे आणले गेले, आणि नाव तेवढे जुने राहिले. घरी पाहणाऱ्यास उठून जाण्याची घाई नसते. त्याने ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाळावा, हे उत्तम. आधी चित्रपट पाहावा, तो मनात थोडा मुरू द्यावा, आणि मग ट्रेलर लावावा. त्यामुळे रहस्य फुटण्याची भीती उरत नाही, आणि दिलेले वचन कितपत पाळले गेले ह्याचा निवाडा आपण निवांतपणे करू शकतो. कधी वचन मोठे आणि चित्रपट खुजा निघतो. क्वचित असेही होते की, चित्रपट मोठा असतो आणि त्यास विकावयास निघालेल्यांस त्याची उंची दिसलेलीच नसते. असा ट्रेलर पाहताना मला त्या अनाम जाहिरातदारांविषयी राग येत नाही. आपल्या काळातील कोणती कृती टिकणार, हे त्यांच्याइतकेच आपणांसही कळत नसते.