गच्चीवरून मोजलेली पृथ्वी

एप्रिल उजाडला की बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये समर कँपच्या जाहिराती झळकू लागतात. सायन्स किट, फसफसणारा ज्वालामुखी, शेवटी प्रमाणपत्र. ज्वालामुखीशी माझं वैर नाही. पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र आल्यावर काय होणार, हे खोक्यावरच छापलेलं असतं. मग पोरांनी शोधायचं काय?

इथल्या मराठी घरांपाशी मात्र एक फुकटचं साधन आहे: पुण्यात राहणारी आजी.

२४ एप्रिलच्या सुमारास बंगळूरमध्ये शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि गच्चीवर सरळ उभी केलेली काठी आपली सावली पायाखाली गिळून टाकते. काठी सरळ आहे की नाही, हे दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्याने ठरवायचं. वळवाचे ढग बहुधा दुपार कलल्यावर जमतात, त्यामुळे ऊन मिळण्याची आशा धरायला हरकत नाही.

त्याच दुपारी पुण्याच्या गच्चीवर आजीने आणि मामेभावंडांनी एक मीटरची काठी उभी करायची. तिथली मध्यान्ह साडेबाराच्या पुढे-मागे. सव्वाबारापासून सावलीच्या टोकाला खडूच्या खुणा करत राहायचं. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. ती भरेल दहा सेंटिमीटरला जरा कमी. आलेखाच्या कागदावर काठी आणि सावली प्रमाणात काढून कोनमापक लावला, की साडेपाच अंशांच्या आसपास कोन मिळतो. नकाशावर बंगळूर आणि पुणे यांच्यातलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर मोजायचं, रस्त्याचं नव्हे. ते साधारण ६१५ किलोमीटर. आता त्रैराशिक: साडेपाच अंशांना ६१५, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतं. हा पृथ्वीचा घेर!

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने सायिनी आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांवरून हेच गणित मांडलं होतं. त्याच्याकडे व्हिडिओ कॉल नव्हता, आजीही बहुधा नसावी.

माझ्या मते खरी गंमत चुकण्यात आहे. पुण्याची सावली एका मिलिमीटरने चुकली, की पृथ्वी चारेकशे किलोमीटरने फुगते किंवा आक्रसते. मग ‘तू पट्टी तिरकी धरलीस’ म्हणून दोन शहरांत जे भांडण जुंपतं, तसं कुठल्याही किटच्या खोक्यात मिळत नाही. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काड्या, नळ्या आणि रद्दीतून मुलांच्या हाती विज्ञान दिलं. इथे तर रद्दीही लागत नाही.

मेच्या मध्याला, १३ तारखेच्या सुमारास, पाळी उलटते. शून्य सावली पुण्याला आणि महादेवपुऱ्यातली दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे. बंगळूरच्या शून्य सावलीची पुढची संधी ऑगस्टमध्ये, पण तेव्हा पुण्यावर पावसाळी ढग असतात. तेव्हा आजीला आत्ताच फोन करा आणि गच्चीची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारून ठेवा.