पहिले हजार किलोमीटर

'रुळणे' हे मराठीतले मोठे सोशिक क्रियापद आहे. नवी कोल्हापुरी चप्पल पायात रुळते, नवी सून सासरी रुळते, नवा मास्तर वर्गात रुळतो. या तिन्ही ठिकाणी थोडे चावणे, थोडे रुसणे आणि पुष्कळ वेळ जाणे हे ओघानेच आले. पण यंत्रालाही रुळावे लागते, ही गोष्ट मी केवळ ऐकून होतो. या जानेवारीत चारही चाकांनी ओढणारी नवी जीप आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि या क्रियापदाचा मला नव्याने अभ्यास सुरू करावा लागला.

मराठीच्या प्राध्यापकाला जीप कशाला, असा प्रश्न आमच्या पुण्याच्या सोसायटीत पुष्कळांना पडला. "आता साहित्यसंमेलन काय डोंगरावर भरणार आहे वाटतं?" असे शेजारच्या अण्णांनी विचारलेसुद्धा. मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण हसण्याजोगे नव्हते. मंडणगड तालुक्यात डोंगराच्या खांद्यावर आमची वाडी आहे. डांबरी सडकेपासून वर अडीच किलोमीटर लाल मातीची आणि जांभ्या दगडाची वाट. वयाची ऐंशी उलटलेली आई तिथेच राहते, कारण पुण्यात तिला झोप येत नाही. गेल्या वर्षी भर पावसात तिच्या छातीत कळ आली. आमची जुनी छोटी मोटार त्या चिखलात कधीच चढली नव्हती. वाडीतल्या चौघांनी आईला डोलीत घालून खाली आणले. त्याला दीड तास लागला. तो दीड तास मी पुण्यात फोन कानाला लावून काढला. साठवलेले पैसे कशावर खर्च करायचे, याचा निकाल त्या दिवशीच लागला.

आपल्याकडे अशा कोणत्याही गाडीला सरसकट जीपच म्हणतात, आणि त्याला कारण आहे. १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यांतले गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. महायुद्धात नावाजलेल्या विलीज जीपगाड्यांची जोडणी याच कंपनीने आपल्या देशात सुरू केली. माझ्या लहानपणी खेड्यात 'जीप आली' याचा अर्थ सरकार आले असा होता. मग ते सरकार लस टोचणारे असो की वसुली करणारे. आमची गाडी त्याच घराण्यातली, २०२० साली नव्या रूपात आलेली थार. नाशिकहून निघालेली.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी पेठेतले गॅरेजवाले मामा पेढा खायला आले. पेढा तोंडात टाकून त्यांनी बॉनेट उघडले आणि मला वर्गात बसवावे तसे समोर उभे केले.

"सर, पहिले हजार किलोमीटर हिला पळवायचं नाही. आणि फार लाडही करायचे नाहीत."

पळवायचे नाही हे समजले, पण लाड का नकोत? मामांनी त्याचा जो उलगडा केला, तो मला फार आवडला. इंजिनातल्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तेल धरून राहावे म्हणून तिच्यावर मुद्दाम तिरप्या, बारीक रेघा काढलेल्या असतात. पिस्टनभोवतीच्या कड्या वरखाली होताना त्या रेघांचे टोकदार माथे घासतात, आणि अशा रीतीने कडी आणि भिंत एकमेकांच्या मापाच्या होतात. एकदम जोर लावला तर घर्षणाने उष्णता वाढून दोघांनाही इजा होते. पण गाडी नुसतीच हळूहळू चालवली, तर कडी भिंतीला नीट दाबली जात नाही, भिंतीवर तेलाचा चकचकीत थर जमतो आणि मग इंजिन जन्मभर तेल पीत राहते. म्हणून वेग सारखा बदलता ठेवायचा, चढही द्यायचा, पण ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा नाही. ओझे बेताचे आणि मागे दुसरी गाडी ओढण्याचे नावही नको. मुले वाढवण्यासंबंधी इतके शहाणपणाचे मी थोडेच वाचले आहे.

ब्रेक, क्लच, टायर यांचेही तेच. नव्या ब्रेकच्या पट्ट्या चकतीशी जमेपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर जास्त हवे. नव्या टायरचे वरचे तुकतुकीत कातडे झिजेपर्यंत ओल्या वळणावर भरवसा ठेवू नये. शे-दोनशे किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. आणि हल्लीच्या डिझेल गाड्यांचे एक नवेच पथ्य आहे. २०२० पासूनच्या नियमांमुळे धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जळून जायला नळी चांगली तापावी लागते. रोज कोपऱ्यावरच्या मंडईपर्यंतच गाडी नेली, तर ही गाळणी तुंबते. म्हणजे जीप घेऊन ती शहरात मिरवणे हे नुसते हास्यास्पदच नव्हे, तर तिच्या प्रकृतीलाही घातक!

फेब्रुवारीभर सिंहगड, पुरंदर अशा जवळच्या फेऱ्या झाल्या. मार्चमध्ये सौ., इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेले आमचे चिरंजीव आणि मी असे तिघे गावाकडे निघालो. सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर आणि पुढे वरंध घाट. यंत्र रुळवायला यापरता रस्ता नाही. निरा देवघर धरणाच्या निळ्या पाण्याला लगटून सडक सारखी वळत जाते, त्यामुळे एकच वेग धरून ठेवायची सोयच नसते. घाटात वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबवली. भज्यांचा वास सुटला होता, आणि माकडे प्रवाशांच्या हातांकडे अशा नजरेने पाहत होती की मला परीक्षेचे बहिःस्थ परीक्षक आठवले. खाली दरीत शिवथर घळीचा परिसर. समर्थांनी दासबोध तिथे लिहिला अशी परंपरा आहे.

उतरणीला चिरंजिवांनी चक्र हाती घेतले आणि पाचव्या वळणापर्यंत तीनदा ब्रेक दाबला. मी म्हटले, "अरे, ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर." तसे केल्यावर इंजिनच गाडीला मागे धरू लागले आणि ब्रेकला विसावा मिळाला. घाट उतरताना दुसऱ्या गाड्यांच्या चाकांचा जळका वास कितीदा तरी आला. आमच्या गाडीचा आला नाही.

मोठ्या गिअरशेजारी एक धाकटा दांडा असतो. चारही चाकांना जोर देण्याची करामत त्यात आहे. "बाबा, घाटात तो टाकून बघू या का?" असे चिरंजिवांनी विचारले. मामांनी मला आधीच सावध केले होते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांहून मोठा फेर घेतात. हा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरायला बांधले जातात. चिखलात वा खडीवर चाके थोडी घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि तो सगळा पीळ आतल्या दांड्यांत नि दातेरी चक्रांत साठतो. तेव्हा कोरडी सडक आणि चार चाकांचा जोर यांचे सूत जमत नाही. ताकद असणे आणि ती वापरण्याची जागा असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

महाडला सावित्री लागली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना पूल पुरात गेला आणि त्याबरोबर माणसांनी भरलेल्या एस.टी. गाड्याही. नव्या पुलावरून जाताना तिघेही गप्प होतो. कोकणातल्या पाण्यापुढे कुठल्याही गाडीने जीभ सैल सोडू नये.

संध्याकाळी वाडीची वाट आली. धाकटा दांडा सगळ्यांत खालच्या घरात टाकला. गाडी बैलगाडीच्या चालीने, पण एकदाही न अडखळता वर चढली आणि थेट अंगणात उभी राहिली. आई काठी टेकत आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "नवी आहे ना? मग दमानं घे रे. तुझे वडील पाड्याला पहिल्या वर्षी जोताला धरत नसत. आधी नुसतं जू, मग रिकामा फाळ, मग जमीन." मामांचे आख्यान आणि आईचे वाक्य यांत मला शब्दांखेरीज काही फरक दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी वेळासला गेलो. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. बाणकोटच्या किल्ल्यावरून सावित्रीचे मुख पाहून खाली उतरताना वाटेत एक किनारा लागला. तिथे पाचसहा तरुण वाळूत गाड्या गरगर फिरवीत होते. चिरंजिवांचे डोळे लकाकले. "बाबा, टायरमधली हवा थोडी कमी केली की आपलीही सहज जाईल." जाईल, हे मलाही ठाऊक होते. भरतीचे खारे पाणी गाडीच्या पोटाला लागले की गंज धरतो, एवढे सांगून मी वेळ निभावली. त्यांना ते पटले नसावे.

पटले ते वेळासच्या पुळणीवर. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने इथे समुद्रकासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्ले बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. त्या संध्याकाळी टोपलीतून वाळूवर ठेवलेली चिमुकली पिल्ले वल्ह्यांसारखे पाय मारीत पाण्याकडे निघाली. मध्येच एक पिल्लू माणसाच्या पावलाच्या खळग्यात पडले. बाहेर येता येता ते थकले. थांबले, पुन्हा धडपडले. राखणदार काका हळूच म्हणाले, "हा नुसत्या पावलाचा खड्डा. चाकाची चाकोरी असली तर ह्याला ती नदीच की हो. तिच्यातून लांबच्या लांब जात राहतं, समुद्र काही येत नाही." चिरंजीव पुष्कळ वेळ तिथे उकिडवे बसून होते. परतताना तो किनारा पुन्हा लागला, तेव्हा त्यांनी गाडीचा वेग कमी केला नाही.

पुण्यात आल्यावर आकडा हजारापुढे गेला होता. गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुतले, धुळीने माखलेला एअर फिल्टर साफ करून घेतला, पुस्तिकेत सांगितलेली पहिली तपासणी केली. मामांनी इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावली.

जुलैत आम्ही सुट्टी काढून गावी होतो. एका रात्री दोनच्या सुमारास आईला पुन्हा धाप लागली. पाऊस असा की कंदिलाचा उजेड हातभर पुढे जाईना. पुढच्या आसनावर चढायला तिला पाट ठेवला, मागे सौ. बसली. खालचा गिअर टाकून मी दोन्ही पाय मोकळे ठेवले; गाडी आपल्या चालीने, चिखल चाचपीत, पायरी पायरीने उतरू लागली. वीस मिनिटांत आम्ही डांबरावर होतो आणि पहाटेच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात. सकाळी आईचा श्वास सरळ झाला. डोळे उघडून तिने आधी मला आणि मग खिडकीतून बाहेर, चिखलाने बरबटलेल्या गाडीला पाहिले.

"पाडा शहाणा निघाला रे," ती म्हणाली, "आता त्याला धू."