दहावी ओळ

नंदुरबार स्थानकावर गाडीची वाट पाहत एक कॉलेजकन्या बाकावर प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवत बसली होती. पट्टीनं आखलेल्या चौकटीत आउटपुट:

१
१२१
१२३२१
१२३४३२१

शेजारच्या पानावर सी भाषेतला प्रोग्रॅम. बाहेरचा फॉर लूप ओळी मोजतो. आतले दोन, एक चढतो, एक उतरतो. नवशिक्यांच्या साऱ्या व्यायामांत मला हा लाडका. यात पाठांतर टिकत नाही, नियम दिसावाच लागतो.

तिची पाचवी ओळ मी पाहिलीच नाही. मन डोंबिवलीच्या फलाटावर गेलं होतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना तिथे या संख्यांचा विचार सुचला आणि स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना 'डेम्लो' म्हटलं. १९०५ साली डहाणूत जन्मलेले कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. त्यांच्या ६१७४ या स्थिरांकाची कीर्ती जगभर गेली, पण मला डेम्लोच अधिक जवळच्या वाटतात. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. डोंगर चढावा आणि उतरावा, तसा.

दहा एक घ्या. लूप बिनदिक्कत १२३४५६७८९१०९८७६५४३२१ छापतो. गुणाकार मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१ देतो. मधल्या घरात दहा आले, शून्य ठेवून हातचा एक डावीकडे गेला. तिथल्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा. आठाचा नऊ झाला. चढणीवरचा आठ नाहीसा, उतरणीवरचा जागच्या जागी! लूपला अंक फक्त छापायचे असतात. हातचा ठाऊक असतो तो गुणाकाराला. आणि वर्ग करून छापायचं म्हटलं, तर आजच्या नेहमीच्या इंटमध्ये सहावीच ओळ मावत नाही. लाँग लाँग घ्यावा लागतो.

दुसरीतल्या मुलाचा हातचा आणि यंत्राच्या स्मृतीची मर्यादा, दोन्ही एकाच आकृतीत भेटतात. कापरेकरांकडे गणितातली पदव्युत्तर पदवी नव्हती. आकड्यांकडे टक लावून पाहण्याची चिकाटी होती. नंदुरबार, शहादा, नवापूरच्या मुलांकडेही ती आहे. जर्नलमधला पॅटर्न मात्र बहुधा पाचव्या ओळीवर थांबतो आणि सही होते.

सरांनो, मॅडम, सहीआधी एवढंच सांगा: हाच पॅटर्न लूपनं आणि वर्गानं, दोन्ही रीतींनी दहाव्या ओळीपर्यंत न्या, आणि ती ओळ कुठे फुटते ते कागदावर हातचे मांडून दाखवा.