नटांसकट हलणारा पत्रा

डावं चाक खड्ड्यात आपटलं की बॉनेटखालून ‘खट्’ असा आवाज यायचा. शॉकअप गेला असेल, बदलून टाकू, इतकीच माझी समजूत. कुडाळच्या मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतलीसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, शॉकअपच्या वरच्या टोकावर मला बोटं ठेवायला सांगितली आणि मडगार्डवर भार देऊन गाडी दोन-चारदा दाबली. नट घट्टच होते. हलत होता तो पत्रा, नटांसकट.

गाडी म्हणजे बाबांची १९९७ची मारुती ८००, सगळं आयुष्य वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात काढलेली. “मेस्त्रीनू, एवढ्याशा पत्र्यावर कसा काय बसवलाय हा? चॅसी कुठाय?” मी विचारलं.

“ह्या गाडीक चॅसी नाय, बाय. पत्रोच चॅसी.”

हे पचायला मला वेळ लागला. ट्रकला, जुन्या जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि बॉडी तिच्यावर बसते. इथे दुमडलेले, स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले पत्रेच सगळा भार पेलतात. पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५०च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली, कारण ती स्वस्त आणि जागा वाचवणारी. पण खड्ड्याचा दणका सरळ वरच्या टॉवरवर, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक जिथे बसतं त्या पत्र्यावर, जातो, आणि चाक उभं ठेवायचं कामही तोच स्ट्रट करतो. म्हणजे टॉवर सरकला की चाक कललं. बरं, ८००मध्ये टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते, जुळवता येतो; कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, जुळवायची वेगळी सोय नाही. हलणारा पत्रा कापून टॉवर पुन्हा वेल्ड करायचा होता; तो चुकीच्या जागी बसला तर अलाइनमेंटवाला हात वर करणार.

वेल्डिंग लगेच सुरू होईल म्हणून मी जुने कपडे घालून गेले होते. सुरू झाली मोजमापं. दोन्ही टॉवरांमधलं अंतर, टॉवरपासून खालच्या क्रॉसमेंबरच्या भोकापर्यंतचा तिरका धागा, उजवीकडून, डावीकडून. गवंड्याचा ओळंबासुद्धा निघाला. सगळे आकडे खडूनं भिंतीवर. मग दोन टॉवरांमध्ये एक पाइप तात्पुरता टॅक केला, जेणेकरून कापल्यावर काही हलू नये. बॅटरी काढली, डॅशबोर्डखालचं कार्पेट उचललं, पेट्रोलची नळी बाजूला घेतली, पाण्याची बादली ठेवली. स्ट्रट उतरवताना मात्र मेस्त्री पहिल्यांदा ओरडले, “मधलो नट सोडू नको हां!” बाहेरचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात, मधला दाबलेल्या स्प्रिंगला. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता तो सोडला तर स्प्रिंग माणसाचं तोंड फोडू शकते. मी पाना खाली ठेवला आणि बराच वेळ हात मागे बांधून उभी राहिले.

ग्राइंडर लागला तेव्हा कळलं की वरून दिसणारा रंग निव्वळ दिखावा होता. चाकानं उडवलेला चिखल दोन पत्र्यांच्या सांध्यात साठतो, पावसाळाभर ओला राहतो, आणि गंज आतून बाहेर येतो. कोणीतरी पूर्वी तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. मेस्त्री कापत गेले, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. भोक बघून मला वाटलं, आता ही गाडी संपली.

मी सुचवलं, आता चांगली जाड प्लेट ठोका, पुन्हा कटकट नको. ते हसले. जाड प्लेट स्वतः वाकत नाही, तिच्या कडेचा पातळ पत्रा वाकतो, आणि पुढची चीर बरोबर त्या कडेला पडते. म्हणून दीड मिलिमीटरचा पत्रा, शेजारच्या धडधाकट भागावर लांबवर पसरलेला, कोपरे गोल केलेले. जिथे नुसती चीर असेल तिथे तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे धावत नाही. सीओटू वेल्डिंगही सलग नाही. इथे एक टाका, तिकडे एक, मधे थांबून. सलग ओढलं तर तापून पत्रा पिळवटतो. दर थोड्या वेळानं भिंतीवरचा खडू आणि टेप. मजबुतीचा माझा सगळा हिशेब जाडीचा होता, त्यांचा भार वाटून देण्याचा.

शेवटी प्रायमर, सांध्यांना सीलंट, आतल्या पोकळीत पातळ मेण. पाणी निघायची भोकं मात्र तारेनं मोकळी केली, अंडरकोटिंगनं बुजवली नाहीत. अलाइनमेंटला टो थोडा फिरवावा लागला, कॅम्बर दोन्हीकडे सारखा निघाला. ‘खट्’ गेलं.

उजव्या टॉवरवर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं. पत्रा अजून टिकून आहे, पण सांध्यात तांबूस रेघ आहे. ते काम गणेश चवथीनंतर. तोवर मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनी गॅरेज भरलेलं असणार.